चार हातांची चित्रं

इंदूरच्या एका जुन्या रुग्णालयात मी गेली वीसेक वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट पाय गमावलेले असतात. कुणी रस्त्यावरच्या अपघातात, कुणी साखरेच्या आजारात, आणि सांवेरकडच्या खेड्यांतून येणारे बहुतेक जण ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरमध्ये सापडून. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. जखम भरत आली की त्या स्टंपवर रोज पट्टी बांधावी लागते, म्हणजे सूज उतरते, त्याला आकार येतो आणि मग कृत्रिम पाय बसवता येतो. ही पट्टी बांधणं सोपं दिसतं, पण सोपं नाही.

एकदा सांवेरच्या एका बाईच्या नवऱ्याला मी सांगितलं, "देखो भिया, पट्टी ऐसे घुमाना, आठ के जैसी." पुढच्या खेपेला तो आला तेव्हा पट्टी अशी विचित्र बांधलेली, की मला काही कळेना. मग त्यानं बोटानं हवेत आकडा काढून दाखवला. त्याचा आठ देवनागरी होता. मला इंग्रजी आठ म्हणायचा होता. त्या दिवशी घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर बसले आणि एकही अक्षर न लिहिता नऊ चित्रं काढली. पाय, पट्टी, पेशंटचे दोन हात, घरच्या माणसाचे दोन हात आणि बाण. चौथ्या चित्रात खालचा बाण जाड आणि वरचा बारीक, म्हणजे टोकाशी पट्टी घट्ट आणि वर जाताना सैल. उलटं केलं तर रक्त अडतं आणि स्टंप सुजतो. सगळ्यांची चूक नेमकी इथेच व्हायची. त्या चित्रांनी ती बंद झाली. मी ती लॅमिनेट करून घेतली आणि आमच्या खोलीच्या भिंतीवर लावली. मला त्यांचा फार अभिमान होता, पण तसं कधी कुणाला बोलले नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या विभागात सांगलीकडची एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची, पण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी तिनं मला ताई म्हटलं. पट्टी बांधायला मीच तिला शिकवलं. हात चांगला होता तिचा, हलका आणि न घाबरणारा. पेशंट तिच्याकडे पटकन रमायचे.

मला तिचा हेवा नक्की कधीपासून वाटायला लागला, ते सांगता येईल. ती पहिल्यांदा आमच्या सुदामा नगरच्या घरी जेवायला आली, त्या दिवसापासून. माझ्या सासूबाई तिच्या बोलण्यावर खूश झाल्या. आमच्या घराण्याला इंदुरात चार पिढ्या झाल्या. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते म्हणतात. पण आमची मराठी ही अशी. मी म्हणते, "टाइमच नाही भेटला", ती म्हणते, "वेळच मिळाला नाही". मी म्हणते, "जरा सब्जी घे ना", ती म्हणते, "भाजी फार छान झालीय हो". सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "किती गोड बोलते गं ही. ऐकत राहावंसं वाटतं." मी पोळी लाटत होते. इतक्या वर्षांत माझं बोलणं ऐकत राहावंसं वाटल्याचं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

पुढे पुढे त्या दोघी मिळून खजराण्याला गणपतीच्या दर्शनालाही जाऊ लागल्या. मला सुट्टी नसायची, हे खरं. पण मला कुणी विचारायचंही नाही.

मग तो भूकंप झाला. आपल्याकडे नाही, दूरच्या एका डोंगराळ देशात. टीव्हीवर दोन दिवस तेच होतं. मातीच्या घरांचे ढीग, त्यावर चढून हातांनी दगड बाजूला करणारी माणसं, आणि थंडी. घर अंगावर पडलेल्या माणसांचे पाय वाचत नाहीत, हे मला बातमीदारानं सांगायला नको होतं. बातम्या बघताना माझ्या मनात हिशेब सुरू झाला होता: आज सर्जन लागतील आणि पंधरा दिवसांनी माझ्यासारखे.

तसंच झालं. निरनिराळ्या देशांची पथकं तिथे पोचली. आपल्याकडच्या डॉक्टरांची एक स्वयंसेवी संस्था तंबूंचं रुग्णालय घेऊन गेली होती. तिनं आमच्या रुग्णालयाला विचारलं, तीन आठवड्यांसाठी एक फिजिओथेरपिस्ट देता का? आमच्या अधीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आपसे बेहतर कौन है," ते म्हणाले. "जाएँगी?"

मी विचार करायला एक क्षणही घेतला नाही. "जाऊंगी सर."

"बढ़िया. पासपोर्ट की कॉपी दे दीजिए, आज ही भेजनी है."

माझा पासपोर्ट आहे. कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. आणि त्याची मुदत कधीच संपून गेलेली आहे. नवऱ्याच्या कॉलेजची एक परदेशवारी ठरली होती, तेव्हा काढला होता. ती वारी रद्द झाली आणि पासपोर्ट तसाच राहिला. मी सरांना तसं सांगितलं. ते हळहळले, दोन फोन लावले, तातडीच्या अर्जाचं विचारलं. पण पथक परवा निघत होतं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "और आपकी वो जूनियर?"

तिचा पासपोर्ट कोराकरकरीत होता. कुठे जायचं म्हणून काढलेला नव्हता, असावा म्हणून काढला होता.

ती धावत माझ्याकडे आली. "ताई, खरं तर तुम्ही जायला हवं होतं," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय हो. मला जमेल ना?"

"जमेल की. मीच तर शिकवलंय," मी म्हणाले आणि हसले. ते हसू ओढून आणताना गाल दुखल्याचं मला आठवतं.

पुढचे दीड दिवस मी तिच्याहून जास्त राबले. क्रेप बँडेज निवडली, कुबड्यांचे रबर तपासले, कॉलनीतल्या बायकांनी आणून दिलेल्या स्वेटरांतले चांगले वेगळे काढले. लोकांना वाटलं, काय मोठं मन आहे. मला मात्र सारखं वाटत होतं, की प्रत्येक खोक्यावर माझा हात लागलेला असावा, म्हणजे तिथे काही चांगलं झालं तर त्यात मी असेन. पथक दिल्लीहून निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुमच्या चित्रांच्या झेरॉक्स काढून नेऊ? तिथे भाषेची अडचण येणारच." मी हो म्हणाले. भिंतीवरची चित्रं तिनंच उतरवली, ऑफिसात जाऊन घाईघाईनं प्रती काढल्या आणि संध्याकाळी ती दिल्लीच्या गाडीत बसली. सासूबाईंनी तिच्या हातात खजराण्याचा अंगारा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही कागद काढायला झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं, तर कागद संपल्याचा दिवा लागलेला आणि काचेवर एक चित्र पालथं पडलेलं, म्हणजे त्याची प्रत निघालीच नव्हती. चौथं. जाड बाण आणि बारीक बाण.

ती तेव्हा दिल्लीतच होती. मोबाइलवर फोटो काढून पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी चित्र हातात घेतलं आणि मनात म्हटलं, दुपारी पाठवू. दुपारी म्हटलं, तिला माहीत आहेच की, तीन वर्षं माझ्या हाताखाली काम केलंय. संध्याकाळी मी ते चित्र माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. विसरले असं मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं. पण विसरले नव्हते. खण उघडला की ते वरच दिसायचं.

तिचे फोटो आमच्या विभागाच्या ग्रुपवर येऊ लागले. मोठं मैदान, त्यात रांगेनं तंबू, प्रत्येकावर वेगळा झेंडा. ती लिहायची: कुणी एक्स-रे मशीन आणलंय, पण त्यांच्याकडे प्लास्टर कमी आहे, आपल्याकडे प्लास्टर आहे, पण पाणी गाळायचं यंत्र तिसऱ्याच देशाचं. रोज सकाळी सगळे एका टेबलाभोवती उभे राहतात आणि तिथल्या आरोग्य खात्याच्या बाई कुठल्या गावाला कुणी जायचं ते वाटून देतात. पेशंटच्या गळ्यात एक कार्ड असतं. ते बघून एका देशाचा डॉक्टर ऑपरेशन करतो आणि दुसऱ्या देशाची नर्स ड्रेसिंग करते. भाषा सांगायला तिथलीच कॉलेजातली मुलं-मुली. "आमची सकाळची मीटिंग", "आमच्या शेजारचा तंबू" असं ती लिहायची. त्या "आमच्या" शब्दावर माझे डोळे अडकायचे. खाली सगळे अंगठे आणि हात जोडलेली चिन्हं टाकायचे. मीही टाकायचे, सगळ्यांच्या आधी.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक फोटो आला. तंबूच्या आतल्या कापडाला माझी चित्रं सुतळीनं टांगलेली, आणि चित्रांखाली मला न कळणाऱ्या लिपीत कुणीतरी शब्द लिहिलेले. तिनं लिहिलं होतं, "इथला आठ तर आणखीच वेगळा आहे, उलट्या व्हीसारखा! चित्रं नसती तर काही खरं नव्हतं. शेजारच्या पथकांनीही प्रती मागितल्या." माझं नाव लिहिलेलं नव्हतं. ग्रुपमधल्या सगळ्यांना चित्रं माझी आहेत हे माहीत होतं, म्हणून लिहिलं नसेल. पण कुणीतरी खाली लिहिलं, "वा, काय आयडिया लढवलीस!" तिनं ते दुरुस्त केलं नाही. बहुधा पाहिलंच नसेल, तिथे नेटवर्क येऊन जाऊन असायचं. मी मात्र ते दिवसभरात दहा वेळा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते, तेव्हा तिचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव. मी घास चावत त्याकडे बघत राहिले. वाजून वाजून तो बंद झाला. पुन्हा आला. मी फोन पालथा ठेवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा समोर बसलेली नर्स म्हणाली, "दीदी, आपका फोन." मी म्हटलं, "बँकवालों का है, दिमाग खा रहे हैं."

मग मेसेज आला. निळी खूण होऊ नये म्हणून मी तो न उघडता वरच्या वर वाचला. "ताई, चौथं चित्र सापडत नाहीये. बहुतेक मशीनमध्येच राहिलं. मी आठवून बांधतेय, पण इथल्या नर्सेसना शिकवायचंय आणि मलाच खात्री वाटेना. गुडघ्याखालच्या स्टंपला शेवटचा वेढा किती वर न्यायचा? फोटो पाठवता का? प्लीज, आज."

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो पाठवला. "सॉरी गं, ओपीडीत अडकले होते," असं लिहिलं. तिच्याकडून जोडलेले हात आले, बाकी काही नाही.

त्या मधल्या दिवसात मी काय विचार करत होते, ते मी इथे खरं लिहिते. मला वाटत होतं, कळू दे तिला. एकदा तरी कळू दे की माझ्याशिवाय अडतं. कुठल्यातरी तंबूत एक माणूस उघडा स्टंप घेऊन बसला असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या डोक्यात फक्त ती होती.

ती परत आली त्या आठवड्यात एका स्थानिक वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. मथळा होता, "इंदौर की बेटी". मी नवऱ्यासमोर पेपर आपटला. "सांगलीची आहे ती! इथे येऊन तीनच वर्षं झालीत!"

नवरा चहा पीत होता. "अगं, मग तू कुठली?" त्यानं शांतपणे विचारलं.

"मी इथली! चार पिढ्या!"

"तेच म्हणतोय. तुला कशाला पेपरात लिहून घ्यायचंय?"

त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला फार नीट कळत होतं, म्हणून माझा संताप आणखी वाढला.

रुग्णालयाच्या सभागृहात तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, अधीक्षकांचं भाषण. ती बोलायला उभी राहिली तेव्हा सुरुवातीलाच म्हणाली, "तिथे सगळ्या पथकांनी जी चित्रं वापरली ती माझी नाहीत. ती आमच्या ताईंची आहेत." आणि तिनं मला उभं राहायला सांगितलं. सगळे मागे वळले. टाळ्या वाजल्या. इतके दिवस मला हेच हवं होतं ना? पण ते तिच्या हातून मिळालं आणि मला ते नकोसं झालं. आता मोठ्या मनाची तीच ठरली होती. मी हात जोडून पटकन खाली बसले.

रविवारी ती आमच्याकडे आली. सासूबाईंसाठी तिनं तिथले सुके जर्दाळू आणले होते. सासूबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळं सांग गं, पहिल्यापासून." मी चहा ठेवायला आत गेले. आमच्या स्वयंपाकघरातून बैठकीतलं सगळं ऐकू येतं.

तिनं बरंच सांगितलं. मग म्हणाली, "एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, आजी. एक बाई होती, माझ्याच वयाची. गुडघ्याखाली पाय गेलेला. तिची पट्टी मी बांधली, आणि वरच्या बाजूला जास्त घट्ट झाली. दुसऱ्या दिवशीही तशीच बांधली. पाय टम्म सुजला. त्याच आठवड्यात कृत्रिम पाय बसवणारं दुसऱ्या एका देशाचं पथक आलं होतं, थोडेच दिवस. सगळ्यांची मापं घेतली त्यांनी. तिचं घेता आलं नाही, सुजेमुळे. ती तंबूच्या दाराशी बसून बाकीच्यांना चालताना बघायची. मला काही म्हणाली नाही. पण मी निघाले त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं नाही."

"तुझी काय चूक गं बाळा," सासूबाई म्हणाल्या.

"माझीच चूक, आजी. मला यायला हवं होतं ते."

चहाला उकळी येऊन तो उतू गेला. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा आधण ठेवलं. बाहेर जाऊन सगळ्यांना कप दिले. तिनं माझ्या हातातून कप घेतला आणि नेहमीसारखं "थँक्यू ताई" म्हणाली. मी ट्रे घेऊन आत गेले.

तो आठवडा मी कसाबसा काढला. पट्टी बांधताना त्या बाईचा न पाहिलेला चेहरा समोर यायचा. शेवटी एक दिवस ओपीडी संपल्यावर, व्यायामाच्या खोलीत ती चटया गुंडाळत होती, तेव्हा मी खणातलं चित्र आणून तिच्यापुढे धरलं.

"हे मला तू दिल्लीत होतीस तेव्हाच सापडलं होतं," मी म्हणाले.

तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिल्लीत?"

"हो. तू विमानात बसायच्या आधी."

"आणि फोन?"

"फोनही. मी पाहत होते. उचलला नाही."

ती खाली चटईवरच बसली. रागावली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "का, ताई?"

"तुझा हेवा वाटत होता म्हणून."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर मोठ्यानं बोलले होते. तो फार छोटा वाटला. त्या बाईच्या पायापुढे तर फारच छोटा. ती उठली, उरलेल्या चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या, पर्स घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मॅडम, बेड तीनच्या पेशंटचं कार्ड कुठे आहे?"

मॅडम. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर चार महिने मी मॅडमच होते. कामात तिनं काही कमी केलं नाही, पण आमच्या घरी येणं थांबवलं. सासूबाई विचारायच्या, "ती का येत नाही हल्ली?" मी म्हणायचे, "बिझी असते." एकदा त्या म्हणाल्या, "तूच काहीतरी बोलली असशील." त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

मग मला एक ईमेल आला. त्या मैदानावर काम केलेल्या निरनिराळ्या देशांच्या फिजिओथेरपिस्टांनी ठरवलं होतं, की पुढच्या आपत्तीत प्रत्येकानं पहिल्यापासून सुरुवात करायला नको. सगळ्यांचं मिळून एक चित्रांचं पुस्तक करू, कुठल्याही भाषेशिवाय चालणारं. आणि त्याचा पाया माझी चित्रं असावीत. माझं नाव त्यांना तिनं दिलं होतं. खाली जोडलेल्या तिच्या मूळ ईमेलची तारीख पाहिली, तर ती तिथे असतानाच्या दिवसांतली. म्हणजे मी तिचा फोन उचलला नाही, त्याच आठवड्यातली.

ऑनलाइन बैठकीला मी मीटिंग रूममध्ये बसले. ती त्याच बाजूला, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. पडद्यावर पाच-सहा चौकटी आणि पाच-सहा तऱ्हेचं इंग्रजी. माझं तर बोलता बोलता हिंदीतच घसरत होतं. बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एका बाई होत्या, युरोपातल्या, त्या अजून तिथेच काम करत होत्या. त्यांनी माझ्या चित्रांचं कौतुक केलं आणि मग, अगदी हळुवार आवाजात, एक प्रश्न विचारला. "हे बाकीचे दोन हात कुणाचे आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "घरच्या माणसाचे. नवरा, आई, मुलगी, कुणीतरी."

"तिथे बऱ्याच जणांचं घरचं माणूस उरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमचं चित्र बघून एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, हे हात मी कुठून आणू?"

माझ्या नऊच्या नऊ चित्रांत चार हात होते. सांवेरहून येणाऱ्या पेशंटबरोबर जीपभर माणसं येतात. कुणी एकटा असेल, असं चित्र काढताना माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्यांनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. वेडंवाकडं चित्र होतं, त्याच म्हाताऱ्यानं काढलेलं. त्याचा एक हात प्लास्टरमध्ये होता. त्या प्लास्टरच्या कोपरानं त्यानं पट्टीचं टोक मांडीवर दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं पट्टी फिरवत नेली होती. खाली घट्ट, वर सैल. बरोबर.

मला लाज वाटली. आणि हेही लिहून टाकते, की त्या क्षणी मला त्या युरोपातल्या बाईंचाही हेवा वाटला. हा प्रश्न मला का सुचला नाही? मी अशीच आहे.

बैठक संपत आली तेव्हा शेजारून ती पहिल्यांदाच बोलली. त्या सुजलेल्या पायाच्या बाईचं पुढे काय झालं, असं तिनं विचारलं. युरोपातल्या बाईंना आठवत होतं. सूज उतरली, पुढे आणखी एका देशाच्या केंद्रात तिला पाठवलं, तिथे तिला पाय बसला. आता ती चालते. "पण तीन महिने उशिरा," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, त्यांनी फक्त कळवलं.

पडदा काळा झाला. ती पदरानं डोळे पुसावेत तशी ओढणीनं चेहरा पुसत होती. मी म्हणाले, "ते तीन महिने माझे आहेत. तुझे नाहीत."

"थोडे माझेही," ती म्हणाली. "मी शिकले होते ना तुमच्याकडून. यायला हवं होतं." मग खुर्ची मागे सारत म्हणाली, "चला ताई, पेशंट थांबलेत."

पुढच्या रविवारी मी बैठकीत पाय दुमडून बसले, गुडघ्याला स्टंप मानलं, डावा हात गळ्यात बांधला आणि एका हातानं पट्टी फिरवायला घेतली. चार वेळा ती सुटली आणि गुंडाळी घरंगळत सोफ्याखाली गेली. नवरा पुढे आला, "मी धरू का?" मी म्हणाले, "नको, धरायचं नाहीये, तेच तर." सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. "ती मंडळी अशी एकट्यानं करतात?" त्यांनी विचारलं. "करतात, आई," मी म्हणाले. त्या खुर्ची पुढे सरकवून जवळ आल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोपर जरा खाली घे. हां, आता बघ." आणि खरंच, तेव्हा जमलं.

मी सगळी चित्रं नव्यानं काढली. प्रत्येकाच्या दोन तऱ्हा, एक चार हातांची आणि एक त्या माणसाच्या स्वतःच्या एका हाताची. ती माझ्यासमोर पेशंट होऊन बसायची आणि मी काढायचे. तिकडून सूचना यायच्या: बोटं मोठी काढा, तंबूत दिवा मंद असतो, बूट काढू नका, आमच्याकडे लोक अनवाणी असतात. कधी मी चिडायचे. एकदा तर ईमेल लिहून ठेवला, की मग तुम्हीच काढा. तिनं तो वाचला आणि म्हणाली, "पाठवू नका, ताई. उद्या पुन्हा वाचा." दुसऱ्या दिवशी मी तो पुसून टाकला.

पुस्तक छापून आलं ते एका कुरिअरच्या पाकिटातून. पातळ, पाणी लागलं तरी न भिजणाऱ्या कागदाचं. ती ओपीडीत होती. मी खोलीत एकटीच होते. मी पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं, मग मलपृष्ठाच्या आतली बाजू. नावं कुणाचीच नव्हती. नुसते लहान लहान झेंडे एका ओळीत.

"नाव शोधताय?" ती दारात उभी होती.

"हो," मी म्हणाले. आता तिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

ती आत आली, पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "पीडीएफ आली होती कालच," ती म्हणाली. "मीही शोधलं, माझं."

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आणि तुम्हाला एक सांगू? सत्काराच्या दिवशी तुमचं नाव घ्यायचं नाही, असं मी येताना विमानात ठरवलं होतं. कोण विचारणार होतं? स्टेजवर गेले, तुम्ही मागच्या रांगेत बसलेल्या दिसलात, म्हणून घेतलं."

"तेव्हा मी तुझ्यावर जळत होते."

"दिसत होतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसायला लागलो, इतक्या की पलीकडच्या खोलीतून नर्स डोकावून गेली.

आता ती पुन्हा निघाली आहे. दुसऱ्या एका देशात पूर आला आहे आणि तिथल्या नर्सना शिकवायला सहा महिन्यांसाठी तिला बोलावलं आहे. यावेळी कुणी मला विचारलं नाही. तिचंच नाव आता तिकडच्या लोकांना माहीत आहे. परवा ती बॅग भरत असताना मी तिच्या खोलीवर गेले होते. पुस्तकाच्या प्रती मोजून एका खोक्यात घालत होते, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटत होता. मी ते तिला सांगितलं.

"किती?" तिनं विचारलं.

"बरंच."

"मग खोकं नीट बांधा," ती म्हणाली, आणि मला चिकटपट्टीचं रीळ दिलं.